एक क्रूस रिकामा, एक भरलेला

इंदुरी_बंड्या | शुक्रवार, २९ मार्च २०२४, दुपारी १:१०

मंडळी, प्रश्न बावळट वाटेल, पण आज गुड फ्रायडे आहे हे बघून विचारूनच टाकतो. इंदूरचा आहे, मराठीत हिंदी घुसली तर सांभाळून घ्या.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक काकू राहतात. माहेर अहमदनगरचं, मराठी ख्रिस्ती. लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली. काका गणित शिकवायचे, मीही त्यांच्या हातचे फटके खाल्लेत. जानेवारीत गेले.

गेल्या आठवड्यात काकूंनी घराला रंग दिला. काल संध्याकाळी हाक मारली, "अरे, दोन खिळे ठोकून देतोस का?" हातोडी घेऊन गेलो तर त्यांच्या हातात दोन क्रूस. एक शिसवी, साधा, त्याच्यावर काहीच नाही. सासऱ्यांच्या वेळचा आहे म्हणे. दुसरा वीतभर, काळ्या प्लास्टिकचा, त्यावर येशू. मान खांद्यावर कललेली, एका पायाचा रंग घासून गेलेला. काका दवाखान्यात होते तेव्हा रात्रपाळीच्या एका केरळी नर्सने स्वतःच्या पर्समधून काढून तो काकूंना दिला होता.

रिकामा हॉलमध्ये लागला. भरलेला त्यांना पलंगासमोर हवा होता. "जरा खाली घे. उशीवर डोकं टेकलं की दिसला पाहिजे." पहिला खिळा काँक्रीटमध्ये वाकला. दुसराही वाकला. तिसरा ठोकताना माझा हातच थांबला. खिळे ठोकून मारलेल्या माणसाला टांगायला मी खिळा ठोकतोय, आणि ज्यांचा तो देव आहे त्या मागे उभ्या राहून "थोडं डावीकडे" सांगताहेत!

आपल्याकडे देव जिंकताना दाखवतात. राम रावणाला मारतो, देवीच्या पायाखाली महिषासुर असतो. इथे देव हरलाय, उघडा पडलाय, आणि हीच घटका भिंतीवर कायमची. ही हार मिरवायची कशासाठी? त्यातून धीर कसा मिळतो? बरं, मग एक रिकामा आणि एक भरलेला का? आणि या दिवसाला 'गुड' कोण म्हणालं?

काकूंना विचारायची हिंमत झाली नाही. त्या बारा वाजता चर्चला गेल्यात, तीनपर्यंत येणार नाहीत. इकडे उद्याच्या रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी, खाली डीजे टेस्टिंग चालू आहे. खिडक्यांच्या काचा थरथरताहेत.

---

सदाफुली | दुपारी १:२५

वाचतेय. जाणकार येतीलच.

---

वसईकर_मी | दुपारी १:४८

उपवास आहे, जेवणाची सुट्टी मोकळी, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही कॅथलिक. आमचा क्रूस बहुतेक भरलेलाच असतो. प्रोटेस्टंट मंडळींचा रिकामा. त्यांचं म्हणणं, येशू मरणातून उठला, आता तिथे नाही. आमचं म्हणणं, उठला हे खरंच, पण कशातून उठला ते डोळ्यांपुढे राहू दे. देव लांबून बघत बसला नाही, आमच्या दुखण्यात उतरला, हे त्या मूर्तीत दिसतं.

आजच्या दिवशी आमच्याकडे मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, होत नाही. वेदी उघडी, फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत. काल रात्रीपासून घंटाही बंद, तिच्या जागी लाकडी खटखट्या. दुपारच्या विधीत मोठा क्रूस पुढे आणतात आणि एकेक जण जाऊन त्याचं चुंबन घेतो. माझी आजी गुडघ्यांनी अधू होती, तरी स्वतः वाकायची. बापूस म्हणायचा, "आये, मी तुझ्या वतीने करतो." ती म्हणायची, "माझ्या वतीने त्याने केलंय तेवढं पुरे."

'गुड'चं म्हणशील तर जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा एक अर्थ पवित्र असाही होता. मराठीत आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो, कुणी शुभ शुक्रवार. जर्मन लोक मात्र सरळ शोकाचा शुक्रवार म्हणतात.

---

खवट_म्हातारा | दुपारी २:०५

वाकलेल्या खिळ्यावरून आठवलं. १९६८ साली जेरुसलेमजवळ थडगी सापडली. त्यात एका दगडी पेटीत पहिल्या शतकातल्या एका माणसाच्या टाचेचं हाड होतं, खिळ्यासकट. येशूचं नव्हे, दुसऱ्याच कुणा अभाग्याचं. खिळ्याचं टोक वाकलं होतं, बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून. त्यामुळे तो निघाला नाही आणि घरच्यांनी तसाच पुरला. रोमन लोकांनी हजारोंनी माणसं खिळली, पण हाताला लागतील असे पुरावे थोडेच उरले, त्यातला हा एक, त्या वाकड्या खिळ्यापायी.

बंड्या, काँक्रीटला साधा खिळा चालत नाही. ड्रिल वापर.

---

गेरवाला_भिया | दुपारी २:०९

भिया, गणिताच्या मास्तरांच्या घरी तीन खिळ्यांत दोन वाया? काका असते तर परत फटके पडले असते. :)

---

मृदुला_ग | दुपारी २:४०

धागा चांगला आहे. इतिहासाच्या बाजूने थोडं.

बंड्याला जे खटकलं ते पहिल्या शतकातल्या माणसाला शंभरपट खटकलं असतं. क्रूस ही नुसती मारायची रीत नव्हती, अब्रू घ्यायची रीत होती. गुलाम, बंडखोर, दरोडेखोर यांच्यासाठी. रोमन नागरिकाला सहसा ही शिक्षा देत नसत. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सहा हजार गुलामांना रोमकडे जाणाऱ्या आपियन रस्त्याच्या कडेने खिळलं होतं. शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणूनच.

तेव्हा 'खिळून मारलेला माणूस आमचा प्रभू आहे' असं सांगणं हा वेडेपणाच होता. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ते कबूलच केलंय: यहुद्यांना हे अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीवर टवाळी कोरलेली सापडली आहे. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, समोर हात वर करून उभा असलेला एक जण, आणि खाली ग्रीकमध्ये मजकूर की अमुक आपल्या देवाची पूजा करतोय.

आणखी एक. सुरुवातीचे ख्रिस्ती स्वतःही येशूला क्रूसावर दाखवायला कचरत. मासा, जहाजाचा नांगर, मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, अशी चित्रं काढत. ही शिक्षा चौथ्या शतकात बंद झाली आणि पाचव्या शतकात कुठे रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावर येशू क्रूसावर दिसतो. ज्यांनी खरे क्रूस पाहिले होते त्यांना तो भिंतीवर टांगवला नसता. आपल्याला जमतं, कारण आपण पाहिलेला नाही.

---

नास्तिक_नाना | दुपारी ३:१५

इतिहास मान्य. पण मूळ सिद्धांत मला कधीच पचला नाही. लोकांनी पाप केलं, देव रागावला, तो राग शमावा म्हणून स्वतःच्या निरपराध पोराचा बळी घेतला, आणि याला प्रेम म्हणायचं! उद्या आमच्या सोसायटीत एकाने मेंटेनन्स थकवला म्हणून चेअरमनने स्वतःच्या मुलाला बडवलं, तर त्याला आपण दयाळू म्हणू का?

---

गेरवाला_भिया | दुपारी ३:१८

आमचा चेअरमन थकवणाऱ्याचं पाणी तोडतो. सिद्धांत सोपा आहे.

---

नगरी_चिंच | दुपारी ४:०२

आत्ताच उपासनेहून आले. बारा ते तीन. येशूने क्रूसावरून काढलेले सात उद्गार, प्रत्येकावर एकेक जण बोलतो, मधे भजनं. या वेळी चौथा उद्गार माझ्याकडे होता, त्यामुळे आठवडाभर झोप नाही. बंड्या, तुमच्या काकूही तिथेच गेल्या असणार, म्हणजे त्यांच्या इंदूरच्या चर्चमध्ये. नगरच्या माहेरवाशिणीचं हे चुकत नाही. आमच्याकडे पेटी-तबला-टाळ घेऊन गातात. रेव्हरंड टिळकांची पदं ऐकलीत तर डोळे मिटून कुणी सांगणार नाही की हे देऊळ नाही.

नाना, तुमचा चेअरमन इथे बसत नाही. आमच्या विश्वासात मारणारा बाप आणि मार खाणारा पोरगा असे दोन पक्ष नाहीतच. ज्याचं येणं थकलं होतं तोच खिशात हात घालून भरतोय. देव दुसऱ्याला पुढे करत नाही, स्वतः येतो. पण खरं सांगू? पाळक कधीकधी असं सांगतात की तुमच्यासारखाच प्रश्न मलाही पडतो. लहानपणी रविवारच्या शाळेत मी विचारलं होतं, देवाला नुसतं 'जा, माफ केलं' म्हणता येत नव्हतं का? बाईंनी मला बाकावर उभं केलं.

---

नास्तिक_नाना | दुपारी ४:१०

बाकावर उभं केलं हेच खरं उत्तर. :)

---

धर्मरक्षक_७७ | दुपारी ४:३१

भोळ्याभाबड्या प्रश्नाच्या नावाखाली धर्मांतराची जाहिरात चालू आहे. संपादकांनी लक्ष द्यावं.

---

नगरी_चिंच | दुपारी ४:३८

आमची पाचवी पिढी आहे हो. आता कुणाला बाटवायला वेळ नाही, मुलीची बारावी आहे.

---

संपादक | दुपारी ५:००

धागा प्रश्नाला धरून चालला आहे. वैयक्तिक शेरे टाळा. धर्मांतरावर वेगळा धागा आहे, तिथे चारशे प्रतिसाद आधीच आहेत.

---

खवट_म्हातारा | सायंकाळी ५:२०

भाषेचं एक. अजूनही मराठी वर्तमानपत्रांत 'येशूला सुळावर चढवले' असं छापून येतं. सूळ वेगळा, क्रूस वेगळा. सूळ म्हणजे टोकदार खांब, माणूस त्यावर बसवत. बायबलात 'वधस्तंभ' आहे, तो शब्द चपखल. वसईकडे 'खुरूस' ऐकलाय.

---

गेरवाला_भिया | सायंकाळी ५:२४

म्हणजे सुळावरची पोळी म्हणतात ती...

---

खवट_म्हातारा | सायंकाळी ५:३१

तोच सूळ. त्यावरची पोळी खायला गेलास तर तूही वर. क्रूसावर पोळी ठेवता येत नाही, घसरेल.

---

वसईकर_मी | सायंकाळी ६:१५

पोळीवरून आठवण नका करून देऊ, उपवास आहे म्हटलं ना.

खुरूस बरोबर. आणि मराठीत ही गोष्ट काही काल-परवा आलेली नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, अख्खं ओव्यांत, दुःखसहन आणि मरणासकट. म्हणजे तुकोबा लहान होते तेव्हाची गोष्ट.

---

मृदुला_ग | रात्री ८:५०

नाना, तुम्ही ज्याला मूळ सिद्धांत म्हणता तो अनेकांपैकी एक आहे. पहिली हजार वर्षं ख्रिस्ती लोक जास्त करून असं सांगत की माणूस पाप आणि मरणाच्या कैदेत होता, ख्रिस्त त्या कैदेत शिरला आणि आतून दार फोडलं. देणं-घेणं, मान-अपमान ही भाषा आन्सेल्म या धर्मपंडिताने अकराव्या शतकाच्या शेवटी लावून धरली. त्याच्या भोवतालची व्यवस्था सरदार-मांडलिकांची होती, त्यात धन्याचा अपमान भरून देणं हीच मोठी गोष्ट. त्याच्या पाठोपाठ अबेलार्ड हा दुसरा पंडित म्हणाला, देवाला नव्हे, माणसाला बदलायचं होतं. असं प्रेम बघून माणूस विरघळतो. 'आमची शिक्षा त्याने भोगली' हे कोर्टाच्या भाषेत सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी, विशेषतः कॅल्विनने मांडलं.

गंमत म्हणजे चर्चच्या जुन्या नायसीन विश्वास-जाहीरनाम्यात, जो बहुतेक पंथ म्हणतात, एवढंच आहे की आमच्यासाठी पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या वेळी वधस्तंभावर खिळला गेला. 'कसं आमच्यासाठी' हे लिहिलेलं नाही. घटना पक्की, अर्थ मोकळा. ते मोकळं ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

---

रामबागकर | रात्री ९:४०

इंदूरचाच आहे, पण पासष्टीचा, म्हणून एक जुनी गोष्ट. सिद्धांत मला कळत नाहीत.

फेब्रुवारी १९९५. उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये सिस्टर रानी मारिया या केरळी जोगिणीला भर रस्त्यात सुऱ्याने भोसकून मारलं. त्या भागात आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवायचं काम ती करायची, ते काही लोकांना झोंबलं. मारेकरी पकडला गेला, जन्मठेप झाली. पुढे तिची सख्खी बहीण, तीही जोगीणच, इंदूरच्या तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि राखी बांधून आली. सुटल्यावर तो केरळात तिच्या आईवडिलांपुढे जाऊन उभा राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदुरातच चर्चने तिला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलं, तेव्हा मोठा सोहळा झाला होता.

राखीची बातमी वाचली तेव्हा मी बायकोला म्हणालो, हे खोटं असणार. आपल्या माणसाला मारणाऱ्याला कुणी राखी बांधतं? मग माझ्या ओळखीतल्या एका ख्रिस्ती गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "क्रूसावरचा पहिला उद्गार काय आहे? 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' तुम्ही तो भिंतीवर टांगता, मग कधीतरी तो तुमच्याकडे बघून हेच मागतो."

त्या दिवसापासून क्रूस दिसला की मला जरा भीतीच वाटते. धीराबिराचं नंतर.

---

नास्तिक_नाना | रात्री १०:०५

रामबागकर, हे वाचून गप्प बसलो. वाद मागे घेत नाही, पण आज पुरे.

---

सदाफुली | शनिवार, ३० मार्च, सकाळी ७:३०

रात्री झोप लागेना म्हणून लिहिते. मी ख्रिस्ती नाही. कॅन्सरच्या वॉर्डात समुपदेशनाचं काम करते.

नगरी_चिंच, तुमच्याकडे चौथा उद्गार होता म्हणालात. "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?" माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? बरोबर ना? तुम्ही काय बोललात ते ऐकायला आवडेल. आमच्याकडे येणाऱ्या माणसांना 'सगळं ठीक होईल' हे वाक्य विषासारखं लागतं. ती जे बोलतात ते बहुतेक या चौथ्याच्या जवळचं असतं.

---

वसईकर_मी | सकाळी ८:१०

सदाफुली, ते वाक्य बायबलातल्या २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या काळी पहिली ओळ म्हटली की सगळं स्तोत्र आलं असं मानतात. आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. त्यामुळे ती निराशेची आरोळी नाही, विश्वासाचीच प्रार्थना आहे.

---

सदाफुली | सकाळी ८:२२

असेल. पण तो पहिल्या ओळीवर थांबला ना? पुढचं म्हणायला श्वास उरला नसेल. आपण बाहेरचे, आपल्याला शेवटाची घाई असते. आमच्या आजीने वारी कधी चुकवली नाही, पण काका गेला तेव्हा तिने विठोबाला अशा शिव्या घातल्या की शेजारच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. पुढच्या आषाढीला परत गेली. तिच्या शिव्यांना 'ही खरं तर प्रार्थनाच' असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर तिने त्यालाही घातल्या असत्या.

---

नगरी_चिंच | सकाळी ९:००

सदाफुली, काल मी साधारण वसईकरांनी सांगितलं तेच बोलले. स्तोत्र, शेवट, स्तुती, वगैरे. सात मिनिटांत बसवलं. खाली उतरले तर एक आजोबा म्हणाले, "पोरी, छान बोललीस, पण फार लवकर वर काढलंस त्याला."

आम्हा प्रोटेस्टंटांना ही सवयच आहे. शुक्रवारी दुपारी तीन वाजता डोळे पुसायचे आणि लगेच रविवारच्या पहाटेच्या उपासनेला कोण गाडी आणणार ते ठरवायचं. पौल म्हणतो खरं की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. रविवार नसेल तर शुक्रवार म्हणजे आणखी एक खून. मान्यच. पण शिष्यांना शनिवारी रविवारचा पत्ता नव्हता. त्यांच्यासाठी सगळं संपलं होतं. आज शनिवार आहे. यावर आमच्याकडे कुणी प्रवचन करत नाही, आज केकची ऑर्डर घ्यायला जायचं असतं.

---

वसईकर_मी | सकाळी ९:२५

मुद्दा पोचला. आजोबांना नमस्कार सांगा.

आमच्याकडे आजचा दिवस रिकामाच असतो. रात्री अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून प्रत्येकाची. तोवर नुसती वाट बघायची. मला लहानपणी हा सगळ्यात कंटाळवाणा दिवस वाटायचा. आई गेल्यापासून तसा वाटत नाही.

---

गेरवाला_भिया | संध्याकाळी ५:४०

राजवाड्यावरून आत्ता घरी. तिसऱ्या मजल्यापर्यंत गुलाल उडत होता. कानात अजून रंग आहे, त्यामुळे काही ऐकू येत नाही, पण धागा वाचला. रामबागकर काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

---

इंदुरी_बंड्या | रविवार, ३१ मार्च, सकाळी ११:२०

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. हिंमत करून काकूंना विचारलं ते सांगतो.

काल गेरमधून परतलो, तोंड हिरवं, कपडे जांभळे, तसाच जिना चढत होतो. काकू दारात. म्हणाल्या, "चहा घेतोस? पण सोफ्यावर बसू नकोस." दारातच स्टुलावर बसलो. हॉलमधला शिसवी क्रूस समोरच दिसत होता. विचारलं, काकू, दोन दोन का? एक पुरला नसता?

त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "आमच्या घरात तो दुसरा कधी नव्हता. सासरे असते तर आत येऊ दिला नसता, म्हणाले असते, प्रभू उठलाय, त्याला परत का खिळता? बरोबरच आहे त्यांचं. तो हॉलमधला बघितला की मला वाटतं, हे कुठेतरी आहेत आणि परत भेटतील. दिवसा माझं त्याच्यावर भागतं."

मग कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "रात्री तीनला जाग येते बघ. दवाखान्यात सवय लागली ना, तीनला इंजेक्शन असायचं. तेव्हा उठलेल्याशी काय बोलू? मला कुणीतरी पडलेला लागतो. ती नर्स पोरगी हेच म्हणाली होती, आंटी, ये भी जाग रहा है."

पायाचा रंग कसा गेला तेही विचारलं. तो काकूंनी घासलेला नाही, आला तेव्हाच तसा होता. नर्सच्या पर्समध्ये कितीतरी वर्षं होता म्हणे.

आज ईस्टर. सकाळी काकूंनी केक आणि उकडलेली अंडी पाठवली, लाल-पिवळी रंगवलेली. आईने बदल्यात पोहे-जलेबी दिली. पायरीवर माझ्या कालच्या हिरव्या पावलांचे ठसे आहेत, ते पुसायचं काम माझ्याकडे लागलंय.

---

सदाफुली | सकाळी ११:३१

"ये भी जाग रहा है." उद्या वॉर्डात जाताना हे बरोबर नेते.

---

नास्तिक_नाना | सकाळी ११:४४

त्या नर्सला माझ्यातर्फे नमस्कार. चेअरमनबद्दलचं मत कायम.

---

खवट_म्हातारा | दुपारी १२:०२

सगळं झालं. तिसरा खिळा बसला का, ते कुणी विचारलंच नाही.

---

इंदुरी_बंड्या | दुपारी १२:१५

नाही बसला. ड्रिल मारून रावळप्लग घातला आणि स्क्रूवर टांगला. दोन भोकं उरलीत, काकू म्हणाल्या राहू दे, त्याच्या मागे झाकली जातात.